हात घालणारी

अलीकडे सकाळी अंबाडा घालताना माझा उजवा हात मानेपर्यंत जातो आणि तिथेच थांबतो. दुखतं ते दुखतंच. पण त्याहून विचित्र गोष्ट वेगळी आहे. मला वाटतं हात केसांपाशी पोचला, आणि आरशात पाहावं तर तो कानाच्या खाली कुठेतरी अडलेला असतो. जन्मभर ज्या हाताने न बघता आकडे खोवले, तो हात या घटकेला कुठे आहे हे मला आता आरशाला विचारावं लागतं.

डॉक्टर म्हणाले, खांद्यातली कंडरा झिजली आहे. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. तिच्यासाठी व्यायाम करून घ्यायला एक मुलगी घरी येते. गोड बोलते, पण सोडत नाही. काल तिने मला खुर्चीवर ताठ बसवलं आणि म्हणाली, "आजी, डोळे मिटा." माझा हात धरून तिने हळूहळू वर नेला, खांद्याच्या जरा वर थांबवला. "ही जागा लक्षात ठेवा." हात खाली आणला. "आता तुमचा तुम्ही तिथेच न्या बघू."

मी डोळे मिटून हात उचलला, आणि मी त्या जागी न जाता भलतीकडेच गेले. मला भाजलेल्या नव्या भाताचा वास आला.

मीरा, अनय, फोनवर तुम्ही दोघं दर वेळी विचारता, "आजी, व्यायाम नीट करतेस ना?" म्हणून हे लिहायला घेतलं. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो, तेव्हा आईकडून वाचून घ्या. माझी कपाटं तुम्हाला आठवत असतील. टॉवेल टॉवेलांवर, चादरी चादरींवर. ही आठवण मात्र तशी घडी घालून ठेवता येत नाही. हात वर नेला की ती कुठूनही सुरू होते.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं. माझे वडील अलिबागला शाळेत इंग्रजी शिकवत. मी मॅट्रिक होऊन लग्न करून रेवदंड्याच्या खाडीकाठच्या एका गावात आले, शेतकऱ्यांच्या घरात. तुमचे आजोबा मुंबईला गोदीत कारकून होते. शनिवारी लाँचने रेवसला उतरून घरी येत, रविवारी परत जात. बाकीचा आठवडा घरात आम्ही तिघी: मी, माझ्या सासूबाई आणि आक्का. सासूबाईंना सगळं गाव आय म्हणायचं. आक्का म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण. ऐन विशीत विधवा होऊन माहेरी परत आलेली. मी तिथल्या शाळेत शिकवायला लागले, तेव्हापासून आक्का मला मास्तरीण म्हणायची. त्यात थोडी चेष्टा असे, थोडा अभिमानही.

खारेपाटातला दिवाळीच्या आधीचा तो पंधरवडा मला अजून अंगावर आठवतो. हळवं, लवकर पिकणारं भात कापून झालेलं, उशिराचं गरवं अजून शेतात उभं. खाडीच्या बांधाकडून येणारा खारा वारा आणि ओल्या पेंढ्याचा गोडसर वास एकमेकांत मिसळलेले. ऊन पिवळं, पण चटका देणारं. सारवलेल्या अंगणात भात पसरलेलं आणि कोंबड्या हाकलण्यासाठी दारात एक लांब काठी. नव्या भाताचे पोहे झाल्याशिवाय आमच्याकडे दिवाळी नसे. पहिल्या आंघोळीनंतर पानात पोहेच वाढायचे: गुळाचे, दुधातले, नारळाच्या रसातले, हिरवी मिरची चुरडून केलेले. लाडू-करंज्या नंतर.

पोहे घरोघरी कांडत. रात्रभर कढत पाण्यात भिजवलेलं भात सकाळी निथळायचं, खापरात भाजायचं, आणि दाणा फुटू लागला की तसंच धगधगतं उखळात ओतायचं. आमचं उखळ मागच्या पडवीत जमिनीत पुरलेलं होतं, दगडी. दोन बाया समोरासमोर उभ्या राहून दोन मुसळांनी आळीपाळीने घाव घालायच्या. गार झालं की पोहा तुटतो, म्हणून थांबायचं नाही. आणि तिसरी बाई उखळाशी बसून, घाव पडायच्या मधल्या श्वासात, उखळात हात घालून भात वरखाली करायची. तिला हात घालणारी म्हणत.

हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ओरडले होते. हात आत जातोय, मुसळ खाली येतंय, हात बाहेर, दुसरं मुसळ खाली. आणि बाया गप्पा मारतायत! कुणाच्या सुनेने काय केलं, कुणाची म्हैस व्याली. हात घालणारी मुसळाकडे बघत नसे. मुसळवालीही बघत नसे. बघायला लागली की चुकते.

मला मुसळ धरायला आक्कानेच शिकवलं. सुरुवातीला माझं मुसळ तिच्या मुसळावर आपटायचं आणि कोपरापर्यंत झिणझिण्या यायच्या. "मुसळाकडं काय बघतंस?" आक्का म्हणायची. "मुसळ काय पळून जातंय? उखळाकडं बघ. हात कुठं गेलाय ते हाताला ठाव असतंय."

"पण तो डोक्याच्या मागे जातो, दिसत नाही."

"मंग? पाठीला खाज आली तर आरसा घेतंस व्हय?"

आक्का मुसळ उचलायची तेव्हा तिचा हात डोक्याच्याही मागे जायचा, तिथे जरासा थांबायचा आणि बरोबर त्याच वाटेने खाली यायचा. दर वेळी तीच उंची, तीच वाट. दिवाळीआधी गावभर तिला बोलावणं असायचं. बाया म्हणत, आक्का मुसळावर असली तर डोळे मिटून हात घालावा. विधवा म्हणून लग्नाकार्यात जी मागच्या दारी बसायची, तिला या पंधरवड्यात पुढच्या दाराने हाका यायच्या. मला वाटतं, वर्षातले तेवढेच दिवस ती ताठ चालायची.

तिचा खांदा गेला तो झोडणीत. भाताच्या पेंढ्या डोक्यावरून आणून दगडावर आपटताना एकदा तिने हात वर नेला आणि तो तसाच खाली पडला. "आतमंदी लुगडं फाटावं तसं झालं," एवढंच ती म्हणाली. हाडवैद्याने चोळलं, गरम पाला बांधला, हात झोळीत अडकवला. झोळी काढेपर्यंत हात खांद्याशी जणू गोठून गेला होता. शेवटी मीच तिला एस.टी.ने अलिबागला एका डॉक्टरांकडे नेलं. वयस्क गृहस्थ होते, शांत. त्यांनी खांदा दाबून पाहिला, हात फिरवून पाहिला, आणि मग तेच केलं जे काल या मुलीने माझ्याबरोबर केलं. "बाई, डोळे मिटा."

त्यांनी तिचा हात वर नेला, थांबवला, खाली आणला. आक्काने डोळे मिटूनच तो परत वर नेला आणि ठेवला. तिच्या चेहऱ्यावर खात्री होती. "हितंच व्हता," ती म्हणाली.

हात वीतभर खाली होता.

"आता उघडा डोळे," डॉक्टर म्हणाले. त्यांनी आपला हात मूळ जागी धरून ठेवला होता. आक्काने त्यांच्या हाताकडे पाहिलं, मग स्वतःच्या. दुसऱ्या कुणाचा तरी हात आपल्या अंगाला लावून ठेवलाय अशी ती त्याच्याकडे बघत राहिली. डॉक्टरांनी मला इंग्रजीत समजावलं, मी तिला मराठीत. ही दोरी नुसती ओढायचं काम करत नाही, हात कुठे आहे याची खबरही आत पोचवते. दोरी फाटली की खबर चुकीची येते. दोरी पुरती सांधेल असं नाही. पण बाकीच्या स्नायूंना शिकवलं तर ते तिचं काम थोडंफार उचलतात. वेळ लागेल. रोज करावं लागेल.

परतीच्या एस.टी.त आक्का खिडकीशी बसली होती. उजवा हात तिने डाव्या हातात धरला होता, दुसऱ्याचं मूल सांभाळायला मिळावं तसा. नागावच्या वाड्या गेल्या, चौल गेलं. ती एकदाच बोलली. "दुखतंय त्याचं काय न्हाय गं. पन तो खोटं बोलतोय."

घरी आयने सगळं ऐकून घेतलं. मिश्री लावता लावता ती म्हणाली, "दिवाळीपावतर बघू. न्हायतर रोह्याला धाडू, दिराकडं."

रोह्याला आक्काचं सासर. नवरा गेल्यावर ती तिथे वर्षभर राहिली होती. गोठ्याला लागून असलेल्या पडवीत तिचं अंथरूण असे, आणि तिच्याशी कुणी नाव घेऊन बोलत नसे. "अगं ए" एवढंच. हे मला तिने सांगितलं नव्हतं, तुमच्या आजोबांनी सांगितलं होतं. मी आयला म्हटलं, "असं कसं धाडायचं?"

"मी हाय तवर खाईल ती हितं. मी गेल्यावर?" आय म्हणाली. "तुमी दोघं उद्या मुंबईला जाल. हात चालतोय तवर गावात तिला कोन ना कोन बोलवील. बसलेल्या बाईला कोन इचारतंय? तिथं तिच्या नवऱ्याची जमीन तरी हाय."

तिचं बोलणं कठोर होतं आणि खोटं नव्हतं. आक्का चुलीपाशी पाठ करून बसली होती. ती वळली नाही.

तेव्हापासून पडवीत आमची शाळा भरायला लागली. आधी वाकून, हातात रिकामा तांब्या धरून हात लोलकासारखा हलवायचा. "कोनी बघितलं तर म्हनंल, आक्का इहीर नसताना पानी काढतंय," ती म्हणायची. मग भिंतीवरून बोटं चालवत वर न्यायची. मग तळहात भिंतीला टेकून अंगाचा भार द्यायचा. डॉक्टर म्हणाले होते, भार पडला की सांध्याला आपली जागा कळते. मी भिंतीवर गेरूने आडव्या रेघा ओढल्या होत्या, खालपासून वरपर्यंत, पट्टी लावून. मी रेघ सांगायची, आक्काने डोळे मिटून हात तिथे न्यायचा. पावसाळाभर बाहेर शेतं भरून वाहत होती आणि आत आम्ही दोघी भिंतीसमोर. श्रावण संपेस्तोवर तिचा हात नेमका रेघेवर जायला लागला. मला इतका आनंद झाला की मी आयला बोलावून दाखवलं. आय म्हणाली, "बेस." आणि आत गेली.

आक्का मात्र भिंतीशी तशीच उभी होती. "मास्तरीण, ह्ये खरं न्हाय," ती हळूच म्हणाली. "भितीला बोट लागलं की तिची खरबड कळतेय. खालची गुळगुळीत हाय, वरची उखनलेली. मी भित वाचतेय. मोकळ्या वाऱ्यात मला कायबी कळत न्हाय."

माझ्या रेघा मी इतक्या सरळ ओढल्या होत्या.

मग आम्ही भिंत सोडली. मी तिच्यासमोर पाटावर उभी राहून हवेत तळहात धरायची, तिने एकदा बघायचं, डोळे मिटायचे, आणि आपला तळहात माझ्या तळहातावर आणून ठेवायचा. कधी ती माझ्या मनगटाला लागायची, कधी नुसत्या वाऱ्याला. चुकली की तोंड वाकडं करायची, "तू हात हलवलास." मी म्हणायची, "नाही हलवला, वन्सं." पुढे पुढे तळहातावर तळहात येऊन बसायला लागला. तिचा तळवा घट्ट्यांनी कडक झाला होता, आणि माझा खडूने कोरडा. अजून मला त्या स्पर्शाने तिची आठवण येते, चेहऱ्याने नाही.

भाद्रपदात तिने मुसळ उचललं. रिकाम्या उखळावर, मग कोंड्यावर. मी समोर. बहुतेक घाव नीट पडायचे. मधूनच एखादा उखळाच्या काठावर बसायचा आणि दगड वाजायचा. त्या आवाजाने स्वयंपाकघरातलं आयचं भांडं थांबायचं, आणि मग पुन्हा हलायचं.

दिवाळी तोंडावर आली. भात भिजलं. सकाळी पडवीत खापराखाली जाळ केला. हात घालायला दर वर्षीसारखी शेजारची पार्वती आली, उखळाशी बसली, पदर खोचला, आक्काकडे पाहिलं आणि उठून उभी राहिली.

"आक्का, तू रागावू नको. पन मला घरी भाकऱ्या थापायच्या हायेत. ह्याच बोटांनी."

"मी कशाला रागावू?" आक्का म्हणाली. "तुझ्या भाकऱ्या खाऊन तुझा नवराच रागावतोय."

पार्वती हसली, आम्हीही हसलो. पण ती बसली नाही. खापरातलं भात फुटू लागलं होतं, त्याचा खरपूस वास पडवीभर पसरला होता. मी मुसळ धरून उभी. आक्का मुसळ धरून उभी. उखळाशी जागा रिकामी. या गावात बातमी खाडीच्या भरतीपेक्षा लवकर पोचते. आक्काच्या मुसळाखाली हात घालायला कुणी बसेना, हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं असतं. आणि मग रोहा.

आय आतून आली. गुडघ्यांवर हात ठेवून कण्हत खाली बसली, चोळीची बाही कोपराच्या वर सारली. तरुणपणी ती गावातली नावाजलेली हात घालणारी होती, हे मी ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. तिने पार्वतीला म्हटलं, "वत भात."

"आय, ऱ्हाऊ दे," आक्का म्हणाली.

"गार व्हतंय. कांड."

आम्ही सुरू केलं. आक्काचं मुसळ, आयचा हात, माझं मुसळ, आयचा हात. उखळातून वाफ येत होती. आयचा म्हातारा हात त्या वाफेत इतका सहज येत-जात होता, की मी क्षणभर भीतीच विसरले. आक्का समोर बघत होती, कुठेच न बघता, पूर्वीसारखी. तिचा हात डोक्यामागे जात होता, थांबत होता, खाली येत होता. पार्वती तोंडावर पदर धरून उभी होती.

भात चपटं होत आलं होतं तेव्हा आक्काचं मुसळ एकदा जरासं बाजूला उतरलं. दगड वाजला नाही. आवाजच झाला नाही. पोह्यांचं मुसळ नुसतं लाकडाचं, तळाला लोखंडी कडं नसलेलं, म्हणून बोट तुटलं नाही. पार्वती तेव्हा खापराकडे वळली होती. मी वरून पाहिलं. आयचा चेहरा काही झालाच नाही असा होता. फक्त तिने माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेने मी माझं मुसळ थांबवलं नाही. तिचा हात पुन्हा आत गेला. पुन्हा बाहेर आला. घाणा संपेपर्यंत तो येत-जात राहिला.

"झालं," आय म्हणाली आणि हात पदराखाली घेतला. "बेस झालेत. पार्वते, बघ, एक तुटला न्हाय."

पार्वतीने सुपात घेऊन पाखडले. पोहे खरंच छान झाले होते, पातळ, अखंड. "आक्काचा हात आला गं बाई," ती म्हणाली, आणि पुढच्या घाण्याला आपणहून उखळाशी बसली, पदर खोचून.

"हात नको," आक्का म्हणाली. "काठी आन."

"आता कशाला काठी?" पार्वती म्हणाली. "आताच तर आय..."

"बेस झालं की गं," आय म्हणाली. "कशाला काठी?"

"व्हय. बेस झालं." आक्का आयकडे बघत नव्हती. ती उखळाकडे बघत होती. "पन काठीच आना. गरम लागतंय हाताला."

दारातली कोंबड्या हाकलायची काठी धुऊन आणली. त्या वर्षीचे बाकीचे पोहे काठीने ढवळून कांडले.

दिवाळीच्या पहाटे आयच्या मधल्या बोटाला हळदीची चिंधी होती. "इळीवर कापलं," ती कुणी न विचारता म्हणाली. आक्काने तिच्या पानात पोहे वाढले ते दुधात अगदी मऊ करून, आणि बाजूला चमचा ठेवला. आमच्या घरी चमच्याने कुणी खात नसे. आयने चमचा उचलला. रोह्याचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.

आक्का त्यानंतर खूप वर्षं पोहे कांडत राहिली. गावात बोलावणं येत राहिलं. पण ती जाई त्या घरी उखळाशी काठी ठेवलेली असे. बायांना वाटे, आक्काची ही नवी पद्धत. काहीजणी पुढे आपल्या घरीही काठी वापरायला लागल्या. मी कित्येकदा स्वतःला विचारलं की आयने त्या दिवशी नेमकं काय केलं. लेकीला घरात ठेवलं, हे खरं. पण बऱ्या न झालेल्या हाताला बरा म्हटलं, हेही खरं. पार्वती त्या भरवशावर हात घालायला बसली होती. आक्काने काठी मागितली नसती तर? हा विचार मला अजून सोडत नाही, आणि याचं उत्तर कुठल्याच खणात नीट बसत नाही.

आय गेली तेव्हा तिला शेवटची आंघोळ आक्काने आणि मी घातली. आयच्या मधल्या बोटाचं नख पुन्हा आलं होतं, पण उंचसखल, मधोमध खाच असलेलं. आक्का तो हात धूत होती, आणि धुऊन झाल्यावरही तिने तो सोडला नाही.

"तुम्हाला ठाऊक होतं, वन्सं?" मी विचारलं.

"मुसळाला कळतंय, मास्तरीण," ती म्हणाली. "भात येगळं लागतंय, नि बोट येगळं. हात कुठं गेला ते मला कळलं न्हाय. पन काय लागलं, ते कळलं."

"मग बोलला नाहीत कधी?"

"ती बोलली न्हाय, मंग मी कशी बोलू?" तिने आयचा हात अलगद खाली ठेवला, आणि दुसरा धुवायला घेतला.

आता त्या घरात कुणी राहत नाही, उखळ तुळशीजवळ हलवलंय असं ऐकते. पोहे मी दुकानातून आणते. यंदाही हळवं भात कापून झालं असेल. खिडकी उघडली की वारा येतो, पण त्यात पेंढ्याचा वास नाही, पेट्रोलचा आहे.

आज सकाळी ती मुलगी पुन्हा आली. "डोळे मिटा, आजी." तिने माझा हात वर नेला, थांबवला, खाली आणला. मी तो पुन्हा उचलला. अंधारात तो वर वर गेला. कुठे थांबायचं ते मला कळेना. समोर हवेत कुणीतरी तळहात धरून पाटावर उभं आहे, असं मी मनात आणलं, आणि तिथे थांबले.

"छान, आजी!" ती मुलगी म्हणाली. "अगदी बरोबर जागेवर आला."

तिचा आवाज जरा जास्तच गोड होता.

मी डोळे उघडले नाहीत.